तिसऱ्या पायरीवरचे किडे

नवरात्रातल्या बाहुल्यांच्या कोलूच्या पायऱ्या भिंतीला लागल्या, त्यांवर धुतलेलं पांढरं धोतर ताणून झालं, आणि तुळसीअक्कानं तिसऱ्या पायरीचं खोकं उघडलं, तर आत नुसता लाल चुरा. मातीच्या मुंग्या, मातीचा भुंगा, मातीचा नाकतोडा, सगळ्यांचं मिळून एकच पीठ झालं होतं. माळ्यावर कुणीतरी त्या खोक्यावर जुना मिक्सर ठेवला होता.

"दबून गेले रे सगळे," अक्का म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ विश्वेश स्टुलावर उभा राहून दिव्यांची माळ बांधत होता. त्यानं माळ सोडून दिली, खाली उतरला आणि दोन्ही हात काखेत घालून भिंतीला टेकला.

"काय झालं?" अर्चनानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"काही नाही. गरगरलं."

पूनमल्लीच्या बसस्टँडमागच्या त्या घरात नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू दरवर्षी असाच लागे. सगळ्यांत खाली झाडंझुडपं, त्यावर शंख आणि गोगलगाई, तिसऱ्या पायरीवर किडेमुंग्या, मग जनावरं, माणसं, साधुसंत आणि अगदी वर देव. एकही पायरी रिकामी ठेवायची नाही, हा अक्काचा नियम. रिकाम्या पायरीवरून काहीतरी घरात येतं, असं ती म्हणे. काय येतं, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. विश्वेशला यंदा पहिल्यांदा वाटलं, की ते आधीच आलेलं आहे आणि आपल्या पाठीमागे उभं आहे.

तंजावरकडच्या त्या मराठी घराण्यात सगळे कारकून नाही तर शाळामास्तर. अक्का स्वतः शाळेत शिकवून निवृत्त झालेली. लोखंडाला हात लावणारा विश्वेश पहिलाच. इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, तिथं तो तरुणपणापासून प्रेस चालवत आला होता. काम तसं सोपं. पत्र्याचा तुकडा खालच्या साच्यावर ठेवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन तळहातांनी एकदम दाबायची. वरचा साचा दणकन खाली येतो, वर जातो. मग हात आत घालून तयार तुकडा उचलायचा. बटणं दोन आणि ती एकमेकांपासून लांब, ती एवढ्याचसाठी, की वरचं लोखंड खाली येताना माणसाचा एकही हात आत असू नये. ही सवय विश्वेशच्या हाडात उतरली होती. काही खाली येणार असलं, की दोन्ही हात बाहेर.

त्या दिवशी त्यानं काहीच चूक केली नव्हती. तुकडा आत अडकला होता. तो काढायला त्यानं हात घातला, आणि बटणांना कुणाचाही स्पर्श नसताना वरचा साचा पुन्हा खाली आला. आपला आपण. स्टोअरमध्ये त्याच्या मापाचे हातमोजे नव्हते, म्हणून त्याला मोठे दिले होते, ढगळ. हात बाहेर आला. मोजा आत राहिला.

माणसं धावत आली. त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला, बोटं ओढून पाहिली, आणि मग सगळे हसायला लागले. रघु नावाचा शेजारच्या प्रेसवरचा गडी म्हणाला, "मोज्याचं श्राद्ध घाल, विश्वेशा. तुझ्याऐवजी गेला तो." सेल्वम सुपरवायझरनं स्वतः चहा आणून दिला आणि आंजनेयाचं नाव घेतलं. मशीन बंद करून दुरुस्तीला काढलं. "आयुधपूजेपर्यंत घरी राहा," सेल्वम म्हणाला. "तोवर सगळं ठीक होईल. पूजा झाली, की ये आणि उभा राहा पहिल्यासारखा."

जखम नव्हती, म्हणून भीतीला ठेवायला जागाच नव्हती. घरी त्यानं एवढंच सांगितलं, की मशीन दुरुस्तीला आहे. ते खोटंही नव्हतं. तो मोजा मात्र त्यानं डब्याच्या पिशवीतून घरी आणला आणि कपाटात शर्टांच्या तळाशी सारला. पाच बोटांचा, कागदासारखा सपाट झालेला मोजा. मधोमध त्या सुट्या भागाचा आकार उमटलेला, भोकांसकट.

तेव्हापासून घरच बदललं. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं, की तो दोन्ही हात काखेत घाली. अर्चना कुकरवर झाकण बसवायची, तेव्हा तो दुसऱ्या खोलीत जायचा. सकाळी डोळे उघडण्याआधी तो चादरीखाली उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चाचपून घेई. ती असत. तरीही त्याला वाटे, ही दुसऱ्या कुणाची आहेत, आपली मोज्यात राहिली. आणि पूजा जवळ येत होती. पूजा झाली, की त्याला तो हात पुन्हा आत घालायचा होता.

"अप्पा, तू घरीच आहेस ना," त्याची मुलगी कीर्तना म्हणाली. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. मराठीपेक्षा तमिळ तिच्या तोंडात जास्त बसे, पण आत्याच्या धाकानं घरात मराठीच बोलावं लागे. "कागदाचे किडे करू. मी शिकवते. ओरिगामी."

"कोलूवर कागद?" अक्का म्हणाली. "माती नव्हे, लाकूड नव्हे?"

"पोदुम आत्ते, पुरे. मुंग्यांना तरी कुठं कळतंय, आपण कशाच्या आहोत ते."

अक्काला हसू आलं, आणि जिला हसू आलं ती हरली.

कीर्तनानं रंगीत चौकोनी कागदांचं पुडकं आणलं, जमिनीवर बसली आणि बापाला समोर बसवलं. पहिला किडा सगळ्यांत सोपा, सिल्वंडू, म्हणजे भर उन्हात झाडाला चिकटून किर्र ओरडतो तो. चौकोनाचा त्रिकोण करायचा. त्रिकोणाची दोन टोकं वर शेंड्याला न्यायची, तीच पुन्हा जरा बाहेर तिरकी खाली आणायची, ते झाले पंख. वरचे थर मुडपले, की डोकं.

"पाय कुठं आहेत?" विश्वेशनं विचारलं.

"शिकाऊ माणसाच्या किड्याला पाय नसतात. पाय सगळ्यांत शेवटी. आधी चौकोनाची एक घडी तर नीट घाल. ती चुकली, की पुढचं सगळं चुकतं."

त्यानं कागदाची समोरासमोरची टोकं जुळवली. एका हातानं ती धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं घडी दाबायची, इतकंच. त्यानं टोकं धरली. दुसरा हात घडीवर उतरू लागला, आणि त्या क्षणी दोन्ही हात एकदम हवेत गेले. कागद उमलला.

"अप्पा, धर ना."

त्यानं पुन्हा धरलं. पुन्हा तेच. दाबण्याची वेळ आली, की धरणारा हातही निघून जाई.

अक्का कोलूपाशी मोराच्या मानेवरची धूळ पुसत होती. "कागद चावतो काय रे तुला?"

कीर्तना खळखळून हसली. तोही हसला. कपाळावरचा घाम मात्र त्यानं ऑक्टोबरच्या उकाड्याच्या नावावर टाकला.

दुपारी मायलेकी बाहेर गेल्या आणि अक्का आडवी झाली, तेव्हा तो पुन्हा बसला. त्यानं एक युक्ती काढली. कागदाची टोकं जुळवून ठेवायची, त्यावर स्वयंपाकघरातला जेवणाचा लाकडी पाट दोन्ही हातांनी वरून सोडायचा. हात पाटाच्या कडांवर, कागदापासून दूर. त्यानं पाट सोडला. घडी पडली, पण वाकडी. आणि तो आवाज. लाकडाचा, साधा, घरातला आवाज. अर्चना परत आली, तेव्हा पाट पालथा पडला होता आणि नवरा हात काखेत घालून भिंतीकडे बघत होता.

"पाटाचं काय करतोस?"

"घडी."

तिनं पाट उचलून जागेवर ठेवला. "पोरीनं वेड लावलं तुला," ती म्हणाली. पण त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याला वाट सापडली. वरून दाबायचंच नाही. कागद एका हातानं धरायचा आणि दुसऱ्या हाताचं नख घडीच्या एका टोकापासून कडेकडेनं सरकवत न्यायचं, भिंतीवरून पाल सरकते तसं. वरून काही येत नाही, असं हातांना वाटलं पाहिजे. हात फसले. पहिला सिल्वंडू झाला. एक पंख मोठा, एक लहान, पण झाला. कीर्तनानं तो डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "हा जरा अपघातातला दिसतो."

विश्वेशनं दुसरा कागद घेतला.

नवरात्राच्या त्या दिवसांत तो किडे करत राहिला. फुलपाखरं झाली. पंखांवर काळे ठिपके दिलेले लाल किडे झाले. जाड कागदाला कोपऱ्यात भेग जाते आणि पातळ कागदाला घामाची बोटं लागली, की तो पोतेरं होतो, हे त्याला कळलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आणि सुंडलाच्या उसळीला येत, हरभऱ्याचे द्रोण हातात घेऊन तिसऱ्या पायरीपुढं वाकत. "यजमानांनी केले?" त्या अर्चनाला विचारत, आणि ती म्हणे, "हो, यंदा त्यांना पंख फुटलेत." किडे वाढत होते आणि पूजा जवळ येत होती. प्रत्येक किडा संपला, की मधे जी रिकामी जागा येई, तिच्यात त्याला साच्याचा आतला भाग दिसे, तेलानं चकाकणारा.

"आता भुंगा," आठव्या माळेच्या दिवशी कीर्तना म्हणाली. "पायांचा. आता तू तयार आहेस."

तिनं तपकिरी कागद अर्ध्यावर आणला. कडेला एक बंद कप्पा तयार झाला होता. "हे बघ, इथं बोट आत घालायचं, कप्पा उघडायचा, आणि बोट आत असतानाच वरून दाबायला लागायचं. दाबता दाबता बोट काढायचं. मग तो सपाट होतो आणि त्यातून पाय निघतात."

त्यानं त्या कप्प्याकडे पाहिलं. कागदाचं तोंड. आत अंधार.

"हा राहू दे."

"मग भुंगा होणार नाही."

"नको होऊ दे," तो म्हणाला, इतक्या हळू, की अक्कानं मान वर केली.

नवमीच्या आयुधपूजेला कारखान्यात घरच्यांना बोलावण्याची पद्धत. दरवर्षीप्रमाणे अर्चना आणि कीर्तना ठेवणीतले कपडे घालून कंपनीच्या बसमध्ये बसल्या. विश्वेश खिडकीशी. रस्त्यावरच्या लॉऱ्यांना केळीचे खुंट बांधलेले, टायरांखाली लिंबं ठेवलेली. लिंबू टायराखाली फुटतं तो क्षण त्याला दिसू नये, म्हणून तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिला.

त्याचा प्रेस धुऊनपुसून नवा हिरवा रंग देऊन उभा होता. गळ्यात झेंडूचा हार. वीज बंद, स्विचवर कुलूप, आणि दोन साच्यांच्या मधे जाड लोखंडी ठोकळा अडकवलेला, की वरचा भाग खाली येऊच नये. सगळं सांगत होतं, की काही येणार नाही. त्या शेडमधली रीत अशी, की ज्याचं मशीन त्यानंच त्याला गंध लावायचं. एक बोट मशीनच्या कपाळी, दोन बोटं दोन बटणांवर, आणि एक आत, खालच्या साच्यावर. जिथं हात जातो तिथं देव हवा, असं जुने कामगार म्हणत.

सेल्वमनं चंदनाची वाटी त्याच्या हाती दिली. कपाळ झालं. बटणं झाली. मग तो आत वाकला. हात साच्याच्या कडेपर्यंत गेला, आणि दोन्ही हात एकदम वर उडाले. चंदन त्याच्या शर्टावर सांडलं. कुणीतरी हसलं. त्यानं पुन्हा हात नेला. पुन्हा दोन्ही हात हवेत.

अर्चनाही हसत होती, नवरा थट्टा करतोय असं वाटून. कीर्तना हसत नव्हती. तिनं हे हात इतके दिवस समोर बसून पाहिले होते.

"काय विश्वेश, मशीनशी रुसलास?" सेल्वम म्हणाला. "करंट नाही. कुलूप बघ."

"बघितलं."

"मग?"

"त्या दिवशीही बटणाला कुणाचा हात नव्हता."

विश्वेशला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. तो पुढं म्हणाला, "मी हात आत घालणार नाही. आज नाही आणि कामावर आल्यावरही नाही. ते आपोआप का आलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मला भीती वाटते."

हे बोलल्यावर काहीतरी कोसळेल, असं त्याला वाटलं होतं. फक्त वरचा पंखा फिरत राहिला.

"पूजेच्या दिवशी असं बोलतात?" सेल्वम दबक्या आवाजात म्हणाला. त्यानं विश्वेशच्या हातातून वाटी काढून घेतली, बोटावर चंदन घेतलं, आणि स्वतःचा हात साच्याकडे नेला. तो कडेपाशी थांबला. थांबलेला सगळ्यांनी पाहिला. सेल्वमच्या बोटावरचा चंदनाचा थेंब खाली साच्यावर पडला.

"काडीनं लावा, सर," मागून रघु म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मी केव्हापासून उदबत्तीच्या काडीनंच लावतो."

सेल्वमनं हात मागे घेतला. रुमालाला बोट पुसलं. "कुलूप काढू नका," तो इलेक्ट्रिशियनला म्हणाला, आणि विश्वेशकडे न बघता, "दसऱ्यानंतर बघू."

बघू म्हणजे काय, ते विश्वेशला माहीत होतं. बघू म्हणजे मशीन उघडून खोलवर तपासणी, नाही तर दुसऱ्या शेडमध्ये झाडू, नाही तर घर. जुन्या भीतीच्या शेजारी एक नवी येऊन बसली. पण तो हात त्या लोखंडाखाली जाणार नव्हता, एवढं आता चार माणसांत बोलून झालं होतं.

परतीच्या बसमध्ये अर्चनाच्या मांडीवर प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पिशवी होती. तिनं ती पायाशी ठेवली.

"काय झालं होतं?"

त्यानं सांगितलं. मोज्यापर्यंत सगळं.

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? काही झालंच नव्हतं."

"काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून पाहू लागली, बाजारात शेंग निवडावी तसं, रागानं. पूनमल्ली येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही.

घरी कोलूपुढं पाटावर सगळ्यांची आयुधं मांडलेली होती. कीर्तनाची पुस्तकं, अर्चनाची ब्लाऊज शिवायची कात्री, अक्काचा जुना चष्मा. विश्वेशनं कपाट उघडलं, शर्टांच्या तळातून मोजा काढला आणि कात्रीशेजारी ठेवला.

अक्का त्या सपाट मोज्याकडे, त्यावर उमटलेल्या भोकांकडे बघत राहिली. "हे तुझं आयुध?"

"हो."

तिनं आणखी विचारलं नाही. करंड्यात बोट बुडवलं आणि मोज्याच्या तळव्यावर कुंकू लावलं. मग म्हणाली, "कागद चावतो काय, म्हणाले मी तुला."

"तुला काय माहीत, अक्का."

"तेच म्हणते."

दसऱ्याच्या सकाळी पूजेतली आयुधं उचलायची आणि ज्यानं त्यानं आपलं काम थोडं तरी करायचं. नवं काही शिकायचं असेल, तर त्याचा आरंभही त्याच दिवशी. अर्चनानं एक चिंधी कापली. कीर्तनानं पुस्तकाचं एक पान वाचलं. विश्वेशनं मोज्याला हात लावला नाही. तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तो तपकिरी आण."

तिनं अर्धा झालेला भुंगा त्याच्यापुढं ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःचंच बोट कप्प्यात घातलं. "मी धरते आत. तू वरून दाब. कागद आहे, अप्पा, काही होत नाही."

"काढ."

"अरे, पण..."

"आधी बोट काढ." त्याचा आवाज ऐकून अर्चना कात्री घेऊन दारात आली. "दुसऱ्याचं बोट आत असताना मी दाबणार नाही. कागद असला तरी."

कीर्तनानं बोट काढलं.

त्यानं स्वतःचं घातलं. आत कागदाचा बोटभर अंधार होता, कोरडा, जरा उबदार. दुसरा हात वर अधांतरी. तो हात त्याचाच होता, आणि त्याला थांबवणारं कुलूप कुठंच नव्हतं. समोरचं शटर आज सुट्टीमुळे बंद होतं. वरचा हात खाली यायला लागला, फार सावकाश. आतलं बोट निघू लागलं, निघालं. कप्पा सपाट झाला. तिरका, पण सपाट.

"दुसऱ्या बाजूचा," कीर्तना हळूच म्हणाली.

भुंगा झाला, तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि कागदावर घामाचे डाग होते. संध्याकाळी आरती झाली, की एक बाहुली आडवी करून कोलू निजवायचा. भुंग्याच्या वाट्याला एकच दिवस.

"एक दिवस तर एक दिवस," अक्का म्हणाली. "ठेव."

त्यानं भुंगा तिसऱ्या पायरीवर बाकीच्या किड्यांच्या मधे ठेवला, आणि दोन्ही हात एकदम मागे घेतले.